लेकीचा हेल

वच्छलाबाई संध्याकाळी गेल्या, आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या लेकीचा हेल रडत होता. लेक स्वतः अजून मूर्तिजापूरच्या स्टेशनबाहेर ऑटोवाल्याशी बोलत होती.

लेकीच्या बोलण्यातला हा गावचा हेल मागे राहिला त्याला बरीच वर्षं झाली होती. कुमुद शिकायला पुण्याला निघाली तेव्हा तो तिच्यासोबत एसटीच्या पायरीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. कुमुदनंही त्याला चल म्हटलं नाही. वच्छलाबाई त्याला घरी घेऊन आल्या. पुढे त्याला हातपाय फुटले, केस आले, आणि एका उन्हाळ्यात शेजारणी त्याला कुमी म्हणू लागल्या. कुमी कुमुदच्याच वयाची झाली, अंमळ सावळी, आणि बोलायला लागली की अंगण भरून जाई. उणं एवढंच होतं की तिच्या हातून वस्तू उचलली जात नसे. भांडं धरायला गेली की बोटं त्यातून आरपार निघत. पण वच्छलाबाईंना कामाला माणूस नको होतं. बोलायला हवं होतं.

पुण्यात कुमुद निवेदनाचे आणि उच्चारांचे वर्ग घेत असे. लांबून आलेल्या मुलामुलींच्या तोंडातून ती त्यांचं गाव काढून देई, डाळीतून खडे निवडावेत तसं.

धामणखेडची रीत अशी, की आईबाप गेल्यावर सासरहून येणाऱ्या लेकीनं वेशीपासूनच हेल काढून रडत यायचं. रडण्यावरून घरात कळतं कोणाची लेक आली ते, आणि बाया तिला घ्यायला सामोऱ्या येतात. जिला घ्यायला कोणी येत नाही ती लेक नव्हे, पाहुणी.

कुमुद वेशीवर उतरली. ऑटो परत जाईपर्यंत थांबली. छातीत सगळं भरून आलं होतं. तिनं तोंड उघडलं.

"आई, तू मला सोडून गेलीस."

वाक्य स्वच्छ बाहेर पडलं, योग्य जागी विराम घेऊन. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही. हापशीवर पाणी भरणाऱ्या बाईनं मात्र मान वर केली.

"कोनाच्या घरी जाता मॅडम? जनगननेच्या हा काय?"

"नाही. माझी आई गेली आहे."

"अरे देवा. कोन्ती आई?"

"वच्छलाबाई."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वच्छलाबाईची लेक त घरीच हाये. कालपासून रडून रायली. आइका न जी, अठीलोक आवाज येते."

आवाज येत होता. *माय वं, मले टाकून कोठी चाल्ली वं माय.* 'चाल्ली'वर तो चढत होता आणि शेवटच्या 'माय'वर मोडत होता. कुमुदला त्याचं प्रत्येक वळण ओळखू आलं. त्या आवाजाच्या मागं ती चालत गेली, पर्स पोटाशी धरून, परक्या घरी जावं तशी.

दारात धाकटा भाऊ प्रल्हाद उभा होता. लहानपणी तो तिला 'कुमे' म्हणून दगड मारायचा. आता त्यानं हात जोडले.

"या ताई. प्रवासात काही त्रास नाही ना झाला तुम्हाला?" एकेक शब्द तो पाटीवर लिहिल्यासारखा बोलला.

"मला अहो काय म्हणतोस रे?"

"असू द्या," तो म्हणाला, आणि आत तोंड करून ओरडला, "खुर्ची आना बे कोनी!"

सगळ्या बाया जमिनीवर बसल्या होत्या. मधोमध तिरडीवर आई होती, अंगावर नवं लुगडं, आणि उशाशी कुमी. त्यांच्यात वाट करून कोणीतरी लाल प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि कुमुदला तिच्यावर बसवलं.

"मी खाली बसते," कुमुद म्हणाली.

खुर्ची वीतभर उंच झाली.

"खरंच, मला खाली चालेल."

खुर्ची आणखी वर गेली. कुमुदचे पाय लोंबकळू लागले. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. रडणाऱ्या बायांनी मात्र रडणं आवरतं घेतलं, नाकं पुसली, पदर नीट केले. एक दुसरीच्या कानाशी लागली, "नीट बोलजो वं. थे पुन्याची हाये."

आईचं तोंड किंचित उघडं होतं, कुमीशी बोलता बोलता डोळा लागावा तसं. कुमुदनं वरून हाक मारली, "आई." तशी आईनं ओठ मिटले. घट्ट मिटले. हनुवटीवर सुरकुती पडली.

"आली का?" कुमीनं मान वर करून विचारलं.

"आले."

"बरं झालं. लय वाट पाह्यली."

आईची जाऊ, अनुसयाकाकू, तांब्या घेऊन आली. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई तीच उरली होती. "आता उचलाचं कसं?" ती म्हणाली. "लेकीच्या हातचं पानी तोंडात पडल्याबिगर तिरडी हालत नाई." चौघांनी मघाशी एकदा उचलून पाहिलं होतं. बांबू धनुष्यासारखे वाकले, आई जागची हलली नाही.

"कुमी देईल ना पाणी," प्रल्हाद म्हणाला, आणि मग त्याला कुमीचे हात आठवले.

कुमीनं तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "माह्या हातात पानी ठयरत नाई," ती कुमुदला म्हणाली, "अन् तुह्या तोंडात माय ठयरत नाई. आता कसं कराव, तूच सांग."

"तू परत ये," कुमुद म्हणाली. "माझ्यात ये. मग आपण दोघी मिळून देऊ."

खुर्ची छताकडे सरकली. टिनाच्या पत्र्याची धग केसांना लागू लागली.

"येतो. तोंड उघड बरं."

कुमुदनं वाकून तोंड उघडलं. कुमी चवड्यांवर उभी राहून आत डोकावली. बराच वेळ पाहत राहिली. मग आणखी दोघीतिघींनी येऊन पाहून घेतलं.

"शोकेसच हाये," एक म्हणाली.

"लय नीट लावलं वं," कुमी म्हणाली. "पाय ठेवाले जागा नाई."

"मी करते जागा."

"कशी करशीन? कायले हात लावला त फुटीन." ती पुन्हा उशाशी बसली, आणि आईच्या कपाळावरची माशी नुसती हूं करून उडवली. "तुले मालूम नाई. तुहा फोन आला का माय मले वसरीत धाडे. दार लावून घे. फोन झाला का मंग बलावे. मंग इचारे, कुमे, मी नीट बोलली का वं? पोट्टीले लाज त नाई वाटली न माही?"

"मला तिची कधीच लाज..."

खुर्ची इतक्या झपाट्यानं वर गेली की कुमुदचं डोकं पत्र्यावर आपटलं. टण्ण आवाज घरभर घुमला. मान दुमडून ती छताखाली अडकली.

"टिनाले लागीन मनून मी सांगूनच रायली होती," हापशीवरची बाई म्हणाली. ती आता दारात हंडा घेऊन उभी होती.

वरून कुमुदला सगळं दिसत होतं. आईचे तळवे, नवऱ्यामागं राबून भेगाळलेले. दाराशी कमरेवर हात ठेवून उभी असलेली माणसं, उन्हाकडे पाहणारी. सगळी तिच्यासाठी खोळंबली होती. तिनं डोळे मिटले. आठवून, जुळवून, आपलं जुनं तोंड शोधून ती म्हणाली, "माय वं."

अगदी हुबेहूब आलं. चढ बरोबर, मोड बरोबर. पुण्यात जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणायचं, कुमुद, ते तुमच्याकडचं करून दाखव ना, आणि ती पानावर बसल्या बसल्या जसं करून दाखवायची, तसंच आलं. आणि त्याच्यामागोमाग तिच्याच तोंडातून हसू बाहेर पडलं. दहाबारा माणसांचं हसू, वाटीवर चमचा वाजवल्याचा आवाज, एका पुरुषाचं 'वन्स मोअर'. तिनं तळव्यानं तोंड दाबलं. हसू बोटांच्या फटींतून येत राहिलं, आणि संपलं तेव्हा शेवटी एकट्या बाईची खोकल्यासारखी एक उबळ उरली, ती तिची स्वतःची होती.

प्रल्हाद बाहेर निघून गेला. बाया जमिनीकडे पाहू लागल्या. आईनं मान हळूच भिंतीकडे वळवली.

त्यानंतर कुमुद काही बोलली नाही. न बोलल्यामुळे खुर्ची उतरू लागली. खुर्चीचे पाय शेणानं सारवलेल्या जमिनीत साखरेसारखे विरत गेले, आणि कुमुद बायांच्या रांगेत, आईच्या कुशीजवळ, खाली येऊन बसली. अनुसयाकाकूनं तिच्याकडे न पाहता तांब्या तिच्यापुढे सारला.

"जाऊ दे," कुमी म्हणाली. "तठी जागा नाई त नाई. मी मायसंगच जातो."

ती आईच्या कानाशी वाकली. "आ कर वं माय."

आईनं मान सरळ केली आणि तोंड उघडलं, डॉक्टरपुढे लहान मूल उघडतं तसं, पूर्ण. कुमीनं पदर खोचला. आधी एक पाय आत टाकला, मग दुसरा. विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखी ती ओठांना धरून खाली खाली गेली. कमरेपर्यंत गेली, खांद्यांपर्यंत गेली. जाताना एकदा थांबून म्हणाली, "जपून टाकजो. माह्या आंगावर पानी पडलं त मी उरत नाई."

मग डोकंही दिसेनासं झालं. घरात इतकी शांतता झाली की बाहेर कोणीतरी विडी विझवल्याचं ऐकू आलं.

"तोंड उघडं हाये तवरोक टाका जी ताई," अनुसयाकाकू म्हणाली. "मंग मिटलं त मिटलं. तहानलेली जाईन बिचारी."

चौघे आत आले. त्यांनी बांबूंना हात घातले.

कुमुदनं ओंजळीत पाणी घेतलं आणि आईच्या तोंडावर धरलं. वाकून पाहिलं. आत, जिभेच्या मागं, मऊ अंधारात कुमी मांडी घालून बसली होती, आणि आईला हळूहळू काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिनं वर पाहिलं. कुमुदची ओंजळ दिसताच, आभाळ भरून आल्यावर बाया घेतात तसा, तिनं पदर डोक्यावर घेतला.

"टाका न," मागून कोणीतरी म्हणालं. "ऊन चढून रायलं."

करंगळीच्या टोकाशी थेंब जमा झाला होता आणि लांबत होता.