लोखंड दिसतं, हात दिसत नाही

अंगठ्याएवढी जाड, बोटाएवढी लांब, अंगभर आटे पाडलेली पितळी नळी, पुढे निळं प्लॅस्टिकचं तोंड आणि मागे शेपटीसारखी वायर. तो मी. कागदोपत्री माझं नाव इंडक्टिव्ह सेन्सर. कारखान्यात मात्र कुणी माझ्याकडे बोट दाखवलंच तर "ते निळ्या तोंडाचं" एवढंच म्हणतात. मी मनाला लावून घेत नाही.

माझ्या तोंडामागे तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आहे. त्यातून वीज सेकंदाला लाखो वेळा इकडून तिकडे हेलकावे घेत असते. त्यामुळे तोंडासमोर काही मिलिमीटरपर्यंत एक चुंबकीय क्षेत्र पसरतं. चहाच्या कपावर ऊब असते ना, कपाला न शिवता कळणारी, तसं समजा. तेवढ्या टापूत धातू आला, की त्याच्या अंगात विजेचे छोटे छोटे भोवरे फिरायला लागतात आणि त्यासाठी लागणारी ताकद ते माझ्याकडूनच ओढून घेतात. माझे हेलकावे मलूल होतात. आतल्या सर्किटला लगेच कळतं आणि पाठीवरचा पिवळा दिवा लागतो. पाहुणे आल्याचं घरच्या बाईच्या थकव्यावरून ओळखावं, तसाच हा प्रकार.

धातूला हात न लावता ओळखायचं, त्यामुळे मी झिजत नाही. तेल उडो, धूळ बसो, पाणी पडो, मला फरक पडत नाही. आमचं गोतही मोठं आहे. कुणी बाटलीवर पत्र्याचं झाकण बसलंय की नाही ते बघतो, कुणी दातेरी चाकाचे दात मोजून वेग सांगतो. एक थोरला भाऊ तर सिग्नलपाशी रस्त्यात पुरलेला आहे. डोक्यावर गाडी येऊन थांबली की त्याला कळतं. उन्हातान्हात तिथेच असतो, पण तक्रार ऐकली नाही कधी.

माझ्या वाट्याला आला पत्र्याची झाकणं कापणारा प्रेस. वरून जड दट्ट्या येतो आणि एका दणक्यात झाकण सुटं होतं. पुढे जाळीचं दार आहे आणि दाराला लोखंडी पट्टी. दार लागलं की पट्टी माझ्यासमोर येते, दिवा लागतो, प्रेस चालतो. दार उघडलं की पट्टी दूर जाते, मी गप्प होतो, प्रेसही गप्प. दार उघडं असताना प्रेस चालू नये, एवढ्यासाठीच माझा जन्म.

प्रेस चालवायचे ते मिस्त्री. चोवीस वर्षं एकाच मशीनवर. दणक्याच्या आवाजावरून पत्र्याची जाडी सांगत. दुरुस्ती विभागात इलेक्ट्रिशियन होती ती त्यांची सून, तीन महिन्यांपूर्वी घरात आलेली. घरी ती त्यांना बाबा म्हणे, कारखान्यात सगळ्यांसारखं मिस्त्री. मुळात कमी बोलायची. तिच्या डब्यात मिस्त्रींच्याच घरची भाजी असायची, पण दोघं जेवायला दोन टोकांना बसत.

त्या आठवड्यात दाराची पट्टी तुटली. मिस्त्रींनी स्वतः नवी केली, अ‍ॅल्युमिनियमची, गंजायला नको म्हणून. कडा घासून अशी गुळगुळीत केली की बघत राहावं. मी बघणार कसा, हाच तर प्रश्न होता. लोखंड मला आठ मिलिमीटरवरून जाणवतं, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम तीनवरून. आणि पट्टी होती पाचावर. दार नेटाने दाबलं की दिवा लागे, हात काढला की विझे. प्रेस घडीघडी अडायला लागला.

"सेन्सर गेला," मिस्त्री म्हणाले.

चोवीस वर्षांचा अनुभव, म्हणून मला मुकाट ऐकून घ्यावं लागलं.

"दुरुस्तीला सांगा ना मग," शेजारच्या लेथवाल्याने मान वर न करता म्हटलं. "का आता मशीन बिघडलं तर सुनेची परवानगी काढायची, म्हणून थांबलात?"

तीन-चार जण हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एक लोखंडी वायसर, म्हणजे नटबोल्टखालची चपटी चकती, घेतला, माझ्या तोंडावर ठेवला आणि वरून चिकटपट्टी मारली.

मी काय करणार? समोर धातू होता. मी खरं तेच सांगितलं. दिवा लागला तो लागलाच. दार उघडं असो की बंद. प्रेस झकास चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी एक झाकण आत अडकलं. मिस्त्रींनी दार उघडून हात घातला. पायाजवळ दट्ट्या पाडायचं पेडल होतं. सून तेवढ्यात हत्यारांची पेटी घेऊन समोरून चालली होती. तिने उघडं दार बघितलं, माझा पेटलेला दिवा बघितला, आणि थांबली.

"बाबा."

मिस्त्री म्हणून हाक आली असती तर त्यांनी ढुंकून बघितलं नसतं; ती दिवसभर येतेच. पण कारखान्यात बाबा कोण म्हणतंय? ते दचकून वळले, हात बाहेर आला, आणि वळताना पाय पेडलवर पडला. दट्ट्या खाली आला. शर्टाच्या लोंबत्या बाहीची कड तेवढी कापून गेला.

तिने लाल बटण दाबलं. मिस्त्री आपली बोटं बघत होते, एकेक मिटून.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर ती परत आली. चिकटपट्टी सोलली, वायसर काढला. दिवा विझला. मग तिने माझ्यासमोर आपला तळवा धरला. दिवा विझलेलाच राहिला.

"याला लोखंड दिसतं, बाबा. हात दिसत नाही."

मिस्त्री स्टुलावर बसले होते. "मग माझी पट्टी का नाही दिसली? वाकडी होती?"

"पट्टी सुरेख आहे. पण अ‍ॅल्युमिनियम याला फार जवळ आल्याशिवाय कळत नाही. अशीच लोखंडाची कराल? मला इतकी सरळ जमणार नाही."

"घरी सांगणार आहेस?"

"बाही मी शिवून देईन, पण आई विचारतील. तुम्हीच सांगा. आणि साहेबांनाही तुम्हीच सांगा, मी बरोबर येते."

मिस्त्री उठून लोखंडाचा तुकडा शोधायला गेले. साहेबांकडे दोघं गेले ते पट्टी बसवल्यावर. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर मिस्त्रींचे कान लाल होते, एवढं लेथवाला म्हणाला.

महिन्याभराने दाराची बिजागरी सैल झाली आणि प्रेस पुन्हा अडला. चिकटपट्टी हाताशीच होती. मिस्त्रींनी प्रेस बंद केला आणि सगळ्यांच्या मधून चालत दुरुस्ती विभागाच्या दारापर्यंत गेले.

"काय मिस्त्री, परवानगी?" लेथवाल्याने विचारलंच.

"हो," मिस्त्री म्हणाले, आणि आत तोंड करून मोठ्याने हाक मारली, "सूनबाई, मशीन अडलंय. जरा बघायला ये."

कुणी हसलं नाही. लेथवाल्याने तर लेथ बंद करून बिजागरी धरायला हात लावला.

आता माझी वायर ताठर झाली आहे, निळा रंग तेलाने काळवंडलाय. कधीतरी माझ्या जागी नवा येईल. तोही खरंच बोलेल, फक्त तोंड दाबू नका त्याचं. मशीन अडलं तर तो का अडवतोय ते विचारा.

मिस्त्री रोज दहा बोटांनी ते दार उघडतात. मला त्यातलं एकही दिसत नाही. पट्टी दूर गेली, एवढंच कळतं. तेवढ्यावर मी अख्खा प्रेस थांबवतो.