पिसिला आत्या कॅमेऱ्यापुढे

लोसाली सतरा वर्षांची असताना चुलतबहिणीच्या लग्नाला सिडनीला गेली आणि तिथल्या एका बाईने तिला हेरलं. मॉडेल होशील का? वावाऊ बेटावर घरी बातमी पोचली तसं वडिलांनी तोंड फिरवलं, पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता टोमणा हाणला. पण वडिलांच्या थोरल्या बहिणीने, पिसिला आत्याने सांगितलं, "जाऊ दे पोरीला." बेटावर बहिणीचा मान भावाहून मोठा; तिच्या शब्दापुढे भाऊ काय बोलणार? विषय मिटला.

पुढे बरीच वर्षं लोसाली सिडनीत, टोकियोत नवेनवे कपडे मिरवत राहिली. पैसा मिळाला, माणसंही बहुतेक चांगली भेटली. फक्त तिला कुणी काही विचारत नसे. हनुवटी वर, खांदा खाली, हसू नकोस. तिशी उलटली, बोलावणी कमी झाली. मग ती कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बायकांशी गप्पा मारता मारता ते बोलणं छोट्या कॅमेऱ्यावर टिपू लागली. त्यात इतकी रमली की संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संकलन शिकली. पहिला माहितीपट गावच्या बायकांवर करायचा, हे तिचं ठरलेलंच होतं.

गावी आत्याच्या पडवीत बायका ओंडक्याभोवती बसून, सालीचं कापड करायला तुतीची साल मोगरीने बडवत होत्या. लोसालीने कॅमेरा लावला. "आत्या, हनुवटी जरा वर. उजेडाकडे बघ."

"अगं बाई, आम्हालाही टोकियोला धाडतेस की काय?" शेजारची मानुसिऊ म्हणाली. सगळ्या हसल्या आणि पुन्हा लाकडासारख्या ताठ बसल्या.

शेवटी आत्याच वैतागली. "काय विचारायचंय ते विचार की! माझ्या मानेशी काय काम तुझं?"

लोसालीकडे प्रश्न तयार नव्हता. तोंडून निघून गेलं, "तेव्हा मला जाऊ दे असं का म्हणालीस?"

आत्याचा हात थांबला. "मला नर्स व्हायला न्यूझीलंडला जायचं होतं. माझ्या आत्याने नको म्हटलं. तिच्यावर राग नाही हो माझा, इथे सुखातच गेलं सगळं. पण तुझी वेळ आली तेव्हा 'हो' म्हणणं माझ्या हातात होतं."

लोसालीचे डोळे भरून आले. आत्याने ते पाहिलं आणि सूर बदलला. "पण तुझा पहिला फोटो आला तेव्हा वाटलं, चुकलंच आपलं. किती वाळली होतीस! लगेच पोतंभर कोनफळं पाठवली."

"ती विमानतळावर तपासणीतच फेकून दिली त्यांनी, आत्या. बाहेरचे कंद आत नेऊ देत नाहीत."

"काय सांगतेस! आणि इतकी वर्षं मी समजतेय, तू खाल्लीस म्हणून!"

पडवी हसून लोळली. मोगऱ्या पुन्हा पडू लागल्या, एकीचं बोलणं तोडून दुसरी बोलू लागली. कॅमेऱ्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

माहितीपट चर्चच्या सभागृहात दाखवला. बहिणीबरोबर बसून भाऊ सिनेमा बघत नाही अशी तिथली रीत, म्हणून वडील बाहेर खिडकीशी उभे राहिले. संपल्यावर त्यांनी लोसालीला जवळ बोलावलं. "तिचं नर्सिंगचं मला ठाऊकच नव्हतं गं. बरं झालं विचारलंस." लोसालीने त्यांचा हात नुसता धरून ठेवला. एवढं पुरे होतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मानुसिऊ हजर. केसांत फूल, अंगावर रविवारचा झगा.

"आत्याचं झालं," ती म्हणाली, "आता माझं विचार."