तीन चाकं, तिन्ही नापास

साहेबांनी उभ्या नोकरीत एकच काम केलं. मोटारसायकलच्या परवान्यासाठी आलेल्या माणसाला मैदानात आठचा आकडा काढायला लावायचा आणि त्याचा पाय जमिनीला टेकला रे टेकला की शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली म्हणजे नापास. मग समोरचा हात जोडो, रडो, नाहीतर सासूचं आजारपण सांगो, साहेब म्हणायचे, "पाय टेकला," आणि पुढच्याला हाक मारायचे. साहजिकच सगळे त्यांना नापाससाहेब म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

असा माणूस निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या उजव्या गुडघ्याने राम म्हटला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला. डॉक्टरांनी साहेबांना खोलीतल्या खोलीत चालवून पाहिलं आणि हसत हसत सांगितलं, "चाला, फिरा, काही हरकत नाही. फक्त मोटारसायकल नको. थांबलात की सगळा भार या पायावर येणार. अगदीच हौस असेल तर तीन चाकांची घ्या."

हौस म्हणे! साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अहो, रोज सकाळी बायकोला आणि तिच्या गठ्ठ्यांना मागे घेऊन निघायचं ही काय हौस होती? बायको पडदे शिवायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, कचेऱ्यांचे. ती आत जाऊन मापं घ्यायची, पडदे लावायची, आणि साहेब बाहेर मोटारसायकलला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालवण्यातल्या चुका काढत उभे राहायचे. निवृत्तीनंतर हेच त्यांचं ऑफिस होतं. ते आता बंद पडलं. बायको कापडाचे गठ्ठे ढकलगाडीवर टाकून पायी जायला लागली. ती गेली की दार लागायचं, आणि ती परत येईपर्यंत साहेब खिडकीशी बसून राहायचे. त्या रिकाम्या घराची त्यांना भीती वाटायची. पण ज्याला बघून लोकांचे हातपाय लटपटायचे, त्याने मला भीती वाटते म्हणून सांगायचं कोणाला? त्यापेक्षा त्यांनी तीन चाकांचा अभ्यास सुरू केला.

अभ्यास म्हणजे केवढा! अंगणातल्या फरशीवर खडूने गोल काढलेले: दोन पुढे एक मागे, एक पुढे दोन मागे, आणि दोन एका ओळीत, तिसरं बाजूला. बायको धुणं वाळत घालायला आली की तिला त्या गोलांपाशी उभं करून व्याख्यान सुरू.

"सांग बरं, रोजच्या वापराला यातली कुठली चांगली?"

"जी चालेल ती," बायको म्हणाली. तिच्या तोंडात दोन चिमटे होते.

"असं नसतं गं. तुलना करावी लागते. कलणारी, न कलणारी, बाजूला टोपलं असणारी. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा."

"करा बाबा तुलना. पण लवकर करा. माझं काम वाढतंय आणि त्या ढकलगाडीने माझे खांदे भरून येतात."

बायकोच्या भावाचं गॅरेज होतं. त्याने एक साधा उपाय सुचवला: स्कूटर घ्यायची आणि तिच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक छोटं चाक बसवून द्यायचं. "एका दिवसाचं काम, भावोजी. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"ती आजारी माणसांची गाडी," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही काय पहिलवान आहात?"

त्या दिवशी मेहुण्याला चहा मिळाला नाही, आणि हा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

पहिली आली ती पुढे दोन चाकंवाली. शोरूमचा सेल्समन स्वतः घेऊन आला, आणि साहेबांनी ती कुठे मागवावी? त्याच जुन्या परीक्षेच्या मैदानात! म्हणे चाचणी व्हायची तर नियमाने व्हावी. बातमी फुटली. सेल्समन स्वतः साहेबांच्या हातून नापास झालेला, त्याने ती पोटात थोडीच ठेवली असती! मैदानाच्या कडेला ही गर्दी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसली होती, कारण सगळ्यांना जोडणारी एक शिट्टी होती.

"ही वळणावर कलते साहेब, अगदी मोटारसायकलसारखी," सेल्समन म्हणाला. "फक्त थांबताना हे बटण दाबायचं. मग पुढची चाकं ताठ राहतात. बटण विसरलं तर मात्र पाय टेकावा लागतो."

"तीन चाकं असून पाय टेकायचा?"

"बटण विसरलात तरच, साहेब."

"मी विसरत नाही."

साहेबांनी आठ काढला. काय काढला म्हणता! कडेला बसलेल्यांची तोंडं उतरली. शेवटचं वळण घेऊन साहेब मधोमध थांबले, गर्दीकडे एक नजर टाकली, हात वर केला, आणि बटण विसरले. गाडी हळूहळू कलायला लागली.

"पाय! साहेब, पाय टेका!" सगळे ओरडले. बरा असलेला डावा पाय त्याच बाजूला होता, टेकला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्या मैदानात, त्या माणसांपुढे साहेब पाय टेकतील होय? दुपारच्या झोपेला आडवं व्हावं तसे ते गाडीसकट सावकाश आडवे झाले. हात हँडलवर, मान ताठ. मागून कोणीतरी शिट्टी फुंकली.

"गाडी नापास," साहेब जमिनीवरूनच म्हणाले. "थांबल्यावर झोपणारी गाडी रोजच्या कामाला काय उपयोगाची?"

दुसरी गाडी दंतवैद्याची, त्याच मैदानात, त्याच गर्दीपुढे. हा दंतवैद्य पैसेवाला आणि हौशी. त्याची गाडी पुढे एक आणि मागे दोन जाड चाकांची, चारपाईसारखी पक्की. बटण नाही, कलणं नाही, पडण्याचं भय नाही. साहेब खूश झाले. सरळ जाताना गाडी झोकात गेली. वळण आलं, साहेब सवयीने अंग टाकून कलले आणि गाडी सरळ कुंपणात गेली.

आता यात गोम अशी आहे. दोन चाकांची गाडी वेगात वळवताना माणूस अंग टाकतो आणि त्याचे हात, त्याला पत्ताही लागू न देता, हँडलला उलट्या बाजूला एक बारीकसा रेटा देतात. जन्मभर मोटारसायकल चालवलेल्याचे हात ते आपोआप करतात. न कलणाऱ्या गाडीला ही भाषा कळत नाही. तिला डावीकडे न्यायचं तर हँडल डावीकडे वळवायचं, संपलं. साहेबांना हे पाठ होतं, फरशीवर खडूने त्याचे बाणसुद्धा काढले होते. पण डोक्याला पाठ आणि हातांना नाही. दुसऱ्यांदाही कुंपण. तिसऱ्यांदा दंतवैद्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बायको ढकलगाडी घेऊन तिथे आली. परतीच्या वाटेवरच होतं मैदान.

"मी बघू का?" ती म्हणाली.

दंतवैद्याला एवढंच कळत होतं की साहेब खाली उतरतायत. तो लगेच म्हणाला, "बघा ना, वहिनी!"

कुठे काय दाबायचं ते विचारून घेऊन बायको बसली. जन्मात कधी मोटारसायकलचं हँडल हातात धरलं नव्हतं. ढकलगाडी वळवावी तसं तिने जिकडे जायचं तिकडे हँडल वळवलं आणि मुंगीच्या पावलांनी अख्खा आठ काढला. कडेला कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी ती उचलून धरली.

"तिला मोटारसायकल येत नाही म्हणून जमलं!" साहेब ओरडले. हे अक्षरशः खरं होतं, आणि त्यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. तुम्हीच सांगा, खरं बोलून हसं होण्यासारखं दुसरं दुःख आहे का?

"गाडी नापास," ते घरी येऊन म्हणाले. "अनुभवी माणसाचं ऐकत नाही."

त्या रात्री भाजी ढवळताना बायकोचे दोन्ही हात पळीवर होते आणि ती पळी वळवून वळवून बघत होती. साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

तिसरी गाडी मेहुण्याने आणली. जुनी मोटारसायकल, बाजूला माणूस बसेल एवढं पत्र्याचं टोपलं, टोपल्याला तिसरं चाक. ही तर बोलूनचालून मोटारसायकलच, साहेबांना वाटलं, आता बघतोच एकेकाला. पण वेग दिला की ती टोपल्याच्या बाजूला ओढायची आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला. ओढीशी कुस्ती खेळत साहेब पहिल्या वळणाला आले, टोपल्याच्या बाजूला वळले, आणि रिकामं टोपलं उचललं गेलं. तिसरं चाक हवेत! साहेबांनी डोळे फाडून त्या चाकाकडे बघितलं, गाडी कशीबशी थांबवली आणि उतरले तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे सारखेच थरथरत होते, जुनाही आणि नवाही.

"नापास. तिन्ही नापास," ते म्हणाले. "तीन चाकांत अर्थच नाही."

"भावोजी, टोपलं रिकामं असलं की ते उचलणारच," मेहुणा म्हणाला. "त्यात वजन ठेवायचं असतं."

"वजन ठेवलं की बसते ना जमिनीवर?" बायकोने विचारलं.

"दगडासारखी."

"मग हीच घेऊ. गठ्ठेही मावतील."

"आणि चालवणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"बरं. आणि तू शिकेपर्यंत टोपल्यात वजन कसलं ठेवणार? वाळूचं पोतं?"

मेहुण्याने भावोजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बायकोनेही पाहिलं. साहेबांना समजायला जरा वेळ लागला.

ती शिकली. सुरुवातीला टोपल्यात बसून साहेबांनी तिला इतक्या सूचना दिल्या की तिने कानावर रुमाल बांधायला सुरुवात केली. परीक्षाही झाली आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग रोज सकाळी ही स्वारी निघायची: बायको हँडलवर, थोडे गठ्ठे मागच्या सीटवर बांधलेले, आणि टोपल्यात शिरस्त्राण घालून साहेब. लोक हसायचे. साहेब मात्र भेटेल त्याला सांगायचे, "चालवणं काय, कोणीही चालवतं. तोल सांभाळणारा माणूस महत्त्वाचा. मी नसलो तर पहिल्या वळणाला गाडी उलटेल." हे ते इतक्यांदा बोलले की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. ती आत पडदे लावायची, ते टोपल्यात बसून रस्त्यावरच्यांच्या चुका काढायचे. माणूस पुन्हा माणसात आला होता हो. रात्री झोपही लागायला लागली.

मग एका मोठ्या नाट्यगृहाचं काम आलं. मखमलीचे पडदे, उचलताना मेहुण्याचासुद्धा घाम निघाला. दोघा भावंडांनी ते टोपल्यात रचले, वरून पट्टा आवळला. साहेब शिरस्त्राण घालून बाहेर आले तेव्हा टोपलं काठोकाठ भरलेलं होतं.

"आज तुम्ही नाही आलात तरी चालेल," बायको म्हणाली. "वजन भरपूर आहे. तुम्ही आराम करा."

साहेब दोन पावलं पुढे आले. "कापडाचं वजन वेगळं असतं. ते सरकतं."

"पट्टा बांधलाय, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"पट्टा सैल होतो. मखमल निसरडी असते. शिवाय जिवंत माणूस वळणावर अंग टाकतो, गठ्ठा टाकतो का? सांग, टाकतो का? तौलनिक दृष्ट्या बघितलं तर..."

"अहो, उशीर होतोय मला," बायको म्हणाली. तिने गाडी सुरू केली.

"नापास!" साहेब ओरडले. "ही गाडीच नापास आहे! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!"

गाडी फाटकाकडे वळली. टोपल्याचं चाक जमिनीला घट्ट चिकटून होतं, साहेब नसतानाही, अगदी दगडासारखं. ते त्यांना दिसत होतं. त्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नियम सुचेना, कारण सुचेना. मागे घराचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

"अगं, थांब," ते म्हणाले. आवाज एवढासा आला. "मला ठेवून जाऊ नकोस. एकट्याला घरात भीती वाटते मला."

मेहुण्याने मान खाली घातली आणि तो उगाचच टायर दाबून बघायला लागला. बायकोने गाडी बंद केली, कानावरचा रुमाल सोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलीही होती.

"मग तसं म्हणायचं की हो," ती म्हणाली. "एवढंच सांगायला तीन गाड्या कशाला लागल्या तुम्हाला?"

तिने पट्टा सोडला, भावाला वरचे दोन गठ्ठे उतरवून नंतर पाठवून दे म्हणून सांगितलं, आणि झालेल्या जागेत नवऱ्याला हाताला धरून बसवलं. मग तिघांनी मिळून पट्टा पुन्हा आवळला आणि ती दोघं निघाली.