उजव्या हाताचे ठिपके

ठिपके पहिल्यांदा लेकीला दिसले. अण्णांनी चहाचा कप उचलला, खिडकीतलं ऊन बोटांवर पडलं, आणि कप ओठाला लागायच्या आत तिनं बापाचा हात धरला. अंगठ्याच्या नखावर, तर्जनीच्या नखावर पांढरे ठिपके, तांदळाची कणी चिकटावी तसे.

"वहिनी, अण्णांना दूध देता ना?"

"देते की. रोज."

"मग हे काय उगवलंय? अंगात कॅल्शियम म्हणून राहिलेलं नाही."

वहिनी म्हणजे अण्णांची सून. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासरे, दोनच माणसं. पुढच्या खोलीत ती पुठ्ठ्याची खोकी करून दुकानांना पुरवायची. अण्णांचं आयुष्य खोक्यांच्या कारखान्यात गेलेलं, हे काम त्यांनीच तिला शिकवलेलं. पण छातीचं दुखणं निघाल्यावर लेकीनं बजावलं होतं, अण्णांनी पुठ्ठ्याला शिवायचं नाही. दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

लेकीनं पायाची नखंही पाहिली. दोन्ही अंगठ्यांवर पांढरट डाग.

"महिनाभर बघते. नाही गेले, तर अण्णांना माझ्याकडे घेऊन जाते," ती म्हणाली. रागानं नव्हे, कपडे वाळले तर काढते, अशा सुरात.

अण्णांचं खाकरणं, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणं, एवढाच त्या घराला आवाज होता. ते गेले की पुठ्ठ्याची करकर तेवढी उरणार. पण लेकीनं बापाला न्यायचं म्हटलं, तर सुनेनं कुठल्या तोंडानं नको म्हणायचं?

उपाय सुरू झाले. दूध दोन वेळा झालं. गोळ्या आल्या. लिंबाची फोड नखांवर घासून झाली, लसणाची पाकळी झाली, झोपताना तेल झालं. शेजारीण म्हणाली, "नखावर पांढरं आलं की नवं काहीतरी मिळतं म्हणे."

"मिळालं की," अण्णा म्हणाले आणि पाय पुढे केला. "बूट मिळाले." सुनेनं पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या पैशांतून आणलेले ते बूट अण्णा घरातसुद्धा काढायचे नाहीत.

ठिपके नखाबरोबर जरासे पुढे सरकले, आणि मागे मुळाशी नवे आले. महिना भरला. लेक आली ती रिकामी बॅग घेऊनच.

"आधी डॉक्टरांना दाखवू, वन्सं," सून म्हणाली. तिनं एवढंच मागितलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंग लावलं, नख जरासं खरवडलं. "बुरशी नाही. असती तर भुकटी निघाली असती."

"कॅल्शियम कमी पडलंय ना?" लेकीनं विचारलं.

"कॅल्शियमला उजवं-डावं कळत नाही हो. डाव्या हाताला एकही ठिपका नाही, बघा. नख मुळाशी तयार होतं तिथं सारखा दाब पडला, मार बसला, की असं होतं. आजोबा, उजव्या हातानं काय करता दिवसभर?"

"काही नाही. पेपर वाचतो."

टेबलावर औषधाचं एक खोकं चपटं होऊन पडलं होतं. अण्णांची नजर मघापासून त्याच्यावर. डॉक्टरबाई लिहायला वळल्या तसा त्यांचा हात आपोआप पुढे गेला. चार घड्या, चार कोन. अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत, कर्र. खोकं टेबलावर ताठ उभं राहिलं.

"पेपर असा वाचता होय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता बूट काढा."

बूट निघेनात. सुनेनं खाली बसून ओढून काढले.

"दोन नंबर लहान आहेत. बोटं पुढे आदळतात. कुणी घेतले?"

"मी," सून म्हणाली. दुकानदारानं नंबर विचारला तेव्हा तोंडात होता तोच तिनं सांगितला होता. इतकी वर्षं बूट घेतले होते ते एकाच माणसाचे, नवऱ्याचे. हे तिला आत्ता, फरशीवर बसल्यावर कळलं. "अण्णा, बोलला का नाहीत?"

"नंबर ओळखीचा होता," अण्णा म्हणाले.

उपाय असा काही नव्हता. दाब थांबवायचा. नख वाढेल, ठिपका टोकाला येईल, कापून टाकायचा. हाताला सहाएक महिने, पायाला वर्षाच्या वर.

घरी येईपर्यंत लेकीनं दम धरला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाला कामाला जुंपलंत तुम्ही!"

"मला खरंच ठाऊक नव्हतं, वन्सं."

"तिला काय ठाऊक?" अण्णा म्हणाले. "ती बाजारात गेली की मी बसतो. आल्यावर तिला वाटतं, आपणच एवढी केली."

"माझ्याकडे आराम मिळेल तुम्हाला."

"आराम मला बाधतो."

लेकीनं बॅग उघडली. सून सदऱ्यांच्या घड्या करून देत राहिली. सदरे संपल्यावर ती पुढच्या खोलीत पुठ्ठ्यांपाशी बसली, संध्याकाळी माल न्यायला माणूस येणार होता. लेकही शेजारी येऊन बसली. "द्या इकडे. आटपू, मग निघतो आम्ही."

अण्णांच्या कारखान्यातून घरी येणाऱ्या अशाच पुठ्ठ्यांत तिचं बालपण गेलं होतं. हात चालू लागला तसं लहानपणचं गाणंही ओठांवर आलं:

चार कोन, चार घड्या, मधे रिकामी जागा,
रिकाम्या जागेत बाई कुणी काय ठेवलं सांगा.

"नखानं नको," आतून अण्णा म्हणाले. "ठिपके येतील."

लेकीचा अंगठा घडीवरच थांबला. बापाला ती दिसत नव्हती, करकर तेवढी ऐकू गेली होती. तिनं अंगठा डोळ्यांजवळ धरून पाहिला. सुनेनं घडी दाबायची गुळगुळीत पट्टी हळूच तिच्याकडे सरकवली. खोकी होत राहिली.

माल गेला. लेक उठली आणि तिनं बॅगेतले सदरे परत कपाटात ठेवले.

"पट्टीनं करायचं, अण्णा. आणि दिवसाला दहाच."

"दहा कोण मोजणार?"

"वहिनी मोजतील."

"तिला मोजता येत असतं," अण्णा म्हणाले, "तर एवढं झालं असतं का?"

दुसऱ्या दिवशी लेकीनं सैल बूट पाठवले. सुनेनं जुन्या बुटांच्या मापाचा पुठ्ठा कापला, पट्टीनं घड्या घातल्या, ते जुने बूट आत ठेवले आणि झाकण लावलं.