इथंच प्यायचं

“माय, दोनच पोती दे. मागच्या अंगानं नेतो. कुणाला खबर लागणार न्हाई.”

द्वारकाबाईने मान वर केली नाही. पोत्याची शिवण उसवत राहिली. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते आणि केदारखेड्याच्या रस्त्याच्या कामावर परदेशातून दुधाची भुकटी येत होती. आधी पोतीच्या पोती परस्पर डोंगरातल्या टोळीकडे जायची. एसटी पेटवणारी, गावेच्या गावे दहशतीखाली ठेवणारी ती माणसे, पोरांच्या तोंडचे दूध पिऊन माजली होती. मग शाळेतल्या साहेबराव मास्तरांनी नियम केला. दिवसापुरतीच पोती उतरवायची, लगेच शाळेच्या आवारात पाण्यात कालवायची, आणि दूध समोर बसून प्यायचे. पोलिसांच्या बंदुकांना जे जमले नाही, ते दूध कालवायच्या एका काहिलीने केले; टोळीची रसद तुटली. ती काहील द्वारकाबाईच्या हाती होती आणि समोर उभा असलेला तिचा मुलगा कडूबा त्या टोळीत होता.

“रिकाम्या हातानं गेलो तर ते मला सोडणार न्हाईत गं.”

“मंग जाऊ नको. रांगेत बस, मी वाढते.”

“अन् पोलीस? ते टपूनच बसलेत.”

बाहेर पोरे वाट्या बडवत होती. तिने पोते उचलून काहिलीत रिते केले, मग दुसरेही. पांढरी धूळ खाली बसली तेव्हा कडूबा निघून गेला होता.

त्याच आठवड्यात तो नदीच्या पात्रात सापडला. टोळीनेच मारला, असे सगळे म्हणाले. निरोप आला तेव्हा ती दूध ढवळत होती. रडू आलेच नाही.

“बाई, जा तुम्ही. मी बघतो इथलं,” साहेबराव मास्तर म्हणाले.

“रांग होऊ द्या, मास्तर.”

रांग संपली. तिने एक पेला काठोकाठ भरला, पदराखाली धरला आणि निघाली. कडूबाला लहानपणी दूध कधी पोटभर मिळाले नव्हते. निदान ओठाला तरी लावावे, एवढेच तिच्या मनात होते. मास्तरांनी पाहिले आणि तोंड फिरवले.

फाटकाशी कचरू रखवालदार एका म्हातारीला अडवत होता. “मावशे, घरी न्हाई न्यायचं. इथंच पी.”

म्हातारी मुकाट्याने खाली बसली. द्वारकाबाई थांबली, मग तिच्या शेजारी बसली. पदराखालचा पेला काढून तोंडाला लावला. दूध गार झाले होते. तिने ते सगळे संपवले, पेला विसळून पालथा घातला आणि रिकाम्या हाताने नदीकडे चालू लागली.