नीराबाईंच्या खुब्यातला शनी

"वाढला! पाय वाढला!"

नागावातल्या त्या हळदीच्या मांडवात असा गलका उडाला की बेंजोवाले वाजवायचं सोडून खुर्च्यांवर चढले. मधोमध खुर्चीत नीराबाई, समोर सतरंजीवर समपाद महाराज आणि त्यांच्या मुठीत नीराबाईंच्या दोन्ही टाचा. मघाशी डावी टाच चांगली दोन बोटं मागे होती. महाराजांनी डोळे गरगरवून "ह्रीं" केलं, आणि आता बघा, टाचेला टाच!

"डॉक्टरनं खुब्यात लोखंडाची वाटी घातली," महाराज गरजले. "लोखंड म्हणजे शनी, अन् शनी मुळात लंगडा! बसल्या जागी पाय ओढत होता. उतरवला मी! फेक तो वॉकर, बाय. उकिडवी बस, ऊठ आणि नाच!"

नीराबाई हरखल्याच. धाकट्या प्रणयच्या हळदीत नाचायचं म्हणून तर त्यांनी महिन्यापूर्वी खुबा बदलून घेतला होता.

मोठी सून मृणाली हळद कालवत होती. ती अलिबागला फिजिओथेरपिस्ट. सासूबाई आत्ता उकिडव्या बसल्या तर सांधा निखळणार आणि वरातीआधी अँब्युलन्स येणार, हे तिला ठाऊक होतं. पण ओरडून उपयोग? "शिकलेली सून, देवाला मानत नाय," म्हणून सगळ्यांनी उडवून लावलं असतं. तिनं परात उचलली.

"थांबा आई, आधी महाराजांची पाद्यपूजा नको?"

"व्हय तर!" कमलेशमामा म्हणाले. महाराजांना नीराबाईंच्या या भावानंच आणलं होतं.

महाराज खुशीत खुर्चीवर बसले आणि पाय लांब केले. मृणालीनं पाय धुतले, हळद चोपडली, टाचा धरल्या आणि किंचाळली, "अगो बाय! महाराजांचा डावा पाय आखूड!"

गर्दी वाकली. खरंच की, दोन बोटं!

"आईंचा शनी उतरला तो यांच्यावर चढला!" मृणाली म्हणाली.

"खोटं!" महाराज लालबुंद झाले. "माझे पाय धडधाकट हायत! तू टाचा सरकवल्यास!"

"कुठे सरकवल्या, महाराज?"

"उजवीकडे! कंबर जागच्या जागी ठेवून टाचा उजवीकडे नेल्या की डावा आखूड दिस—"

महाराजांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मांडव हसून हसून लोळला. मृणालीनं टाचा मधोमध आणल्या. 'ह्रीं' न करताच पाय वाढला!

महाराज उठले ते थेट पळत सुटले.

"मंग मी नाचाचं नाय गो?" नीराबाईंचे डोळे भरून आले.

मृणाली त्यांच्याजवळ बसली. "आई, तुमची वाटी टायटॅनियमची आहे, लोखंडाची नाही. डॉक्टरांनी ती नेमक्या कोनात, घट्ट ठोकून बसवलीय. पण तिच्या खरखरीत पाठीत तुमचं हाड वाढून तिला धरायला दोन-तीन महिने लागतात. तोवर उगाच भार टाकून हलवायचं नाही. कालच रोवलेला मांडवाचा खांब आज कोणी हलवून बघतं का? आणि वाटीतला गोळा जागेवर राहतो तो भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर, म्हणून रोज व्यायाम. खोल वाकलात की गोळाच बाहेर उडी मारेल."

"मंग?"

"मग उभ्यानं नाचा! वॉकर धरून, कमरेच्या वर!"

बेंजो पुन्हा सुरू झाला. नीराबाईंचे खांदे, मान, भुवया, सगळं नाचायला लागलं. फाटकापर्यंतच्या वाळूत महाराजांचे हळदीचे पाय उमटले होते, दोन्ही अगदी सारखे. ते बघून नीराबाईंनी कमलेशमामांना हाक मारली.

"दादूस, पाय कुनाच्याबी हातान दे. पन डोका आपलाच वापर!"