राजेश्रीच्या दातांतली फट

माझ्या धाकट्या जावेच्या, राजेश्रीच्या, पुढच्या दोन दातांत ज्वारीचा दाणा सहज मावेल एवढी फट होती. त्या फटीच्या जिवावर ती आमच्या घरात पंधरा वर्षं राणीसारखी राहिली. माझे दात सरळ आहेत, पांढरे आहेत, एकाला एक लागून आहेत. त्याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

आमच्या सासूबाई कमलबाई यांचं म्हणणं असं, की दातात फट असलेली सून आली की तिच्या मागोमाग लक्ष्मी येते. गोपाळभाऊजींसाठी मुलगी बघायला आम्ही पाथरीला गेलो, तेव्हा मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि सासूबाईंनी पहिलंच विचारलं, "जरा हस बरं बाई." पोरगी बावरून हसली. सासूबाईंनी माझ्या मालकांना कोपरानं ढोसलं आणि तिथंच लग्न ठरलं. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, कुणी विचारलं नाही. मला बघायला पालमला आल्या तेव्हा याच बाईनं मला चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता आणि वर पुरणपोळीचं प्रमाणही विचारलं होतं.

तेही मी सोसलं असतं. पण त्याच साली रब्बीच्या पेरणीला सासूबाईंनी माझी मूठ काढून तिला दिली.

आमचं वालूरचं रान आता ट्रॅक्टरच पेरतो. पण कमलबाईंचा नेम असा, की ज्वारीची पहिली पाच तासं, म्हणजे पाच ओळी, जुन्या तिफणीनंच पेरायची. शेजारच्या आदिनाथची बैलजोडी आणायची, तिफणीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मागून चालत चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, बी सोडायचं ते घरच्या सुनेनं. चाड्यावर मूठ धरणं म्हणतात ते हेच. मुठीतून दाणे एका धारेनं सुटले पाहिजेत, ना दाट ना विरळ. माझ्या माहेरी माझी मूठ अख्ख्या शिवारात नावाजलेली होती. या घरात मी ती पाच वर्षं धरली आणि एका तासात कुणाला नांगी, म्हणजे न उगवलेली जागा, दिसली नाही.

राजेश्रीचे वडील शाळेत कारकून. तिनं तिफण पाहिली ती आमच्याकडंच. तिच्या मुठीतून एकदम दहा दाणे पडायचे, मग हातभर जागा कोरडी. ज्वारी उगवली की तासात जागोजाग मोकळ्या जागा दिसायच्या. त्या नांग्या भरायला कोण? तर मी. कंबर मोडेपर्यंत वाकून एकेक दाणा टोकायचा. आणि कणसं भरली की कमलबाई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगणार, "आमच्या धाकटीचा हात लागला." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी पंधरा वर्षं रोज घरात बघितला.

दीड वर्षामागं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, राजेश्रीनं भाकरी थापता थापता सांगितलं, "आत्याबाई, मी दाताला तारा लावून घेनार हाय."

कमलबाईंना आधी कळलंच नाही. "तारा? त्या शाळंतल्या पोरी लावत्यात तसल्या?"

"व्हय. परभणीला डॉक्टरीणबाईला दाखवून आले मी. मोठ्या मानसाला बी लावत्यात म्हनल्या."

"आन् फट?"

"ती बुजंल."

सासूबाई पाटावरून उठून उभ्याच राहिल्या. "लक्ष्मीची वाट बुजवायलीस व्हय गं? येड लागलं का तुला?"

माझ्या तव्यावरची भाकरी जळत होती. ती मी जळू दिली. देव इतक्या वर्षांनी माझ्या दारात आला होता आणि मला फक्त दार उघडायचं होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, तिच्या हिरड्या सुजायल्यात. उद्या दातच पडले तर फट कशात ऱ्हाईल?"

 दोन दिवस सासूबाई धुसफुसल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "करा काय करायचं ते." राजेश्रीनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर मी तिची जी सेवा केली, ती सख्ख्या बहिणीनं केली नसती. दर महिन्याला वालूरहून जीपनं सेलू, सेलूहून एसटीनं परभणी, मी तिच्यासोबत. तारा आवळून आल्या की दोन दिवस तिला वरणभातही चावत नसे. मी तिला दुधात भाकरी कुस्करून द्यायची, आंबील करायची, मऊ खिचडी शिजवायची. समोरची धुरपताबाई माझ्याकडं बोट दाखवून आपल्या सुनांना सांगायची, "जाऊ असावी तर अशी." तिसऱ्या महिन्यात गालाला आतून फोड आले आणि राजेश्री रडकुंडीला आली. "अक्का, बास झालं. काढून टाकते मी."  मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "धीर धर. सुरू केलंस तर आता तडीला ने." ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

डॉक्टरीणबाई तिच्या हातात आरसा द्यायच्या, पण तिच्याआधी मीच वाकून बघायची. आधी फटीत ज्वारीचा दाणा मावायचा. मग तीळ मावेल एवढी राहिली. गेल्या साली पेरणी आली तेव्हा ती तिळाएवढीच होती, तरी सासूबाईंनी मूठ तिलाच दिली. "हाय की अजून थोडी," म्हणाल्या. त्या दिवशी मी रानात नारळाचा प्रसादसुद्धा खाल्ला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. राजेश्री हसायला लागली. आधी ती तोंडावर पदर घेऊन हसायची. जसजसे दात जवळ आले तसतसा पदर खाली आला. तारांसकट खळाळून हसायची. एक दिवस जेवताना माझे मालक, बन्सीधरराव, ज्यांना मी नवी साडी नेसले तरी आठ दिवसांनी कळतं, ते म्हणाले, "राजेश्री आताशा लय चांगली दिसायली." मी त्यांच्या ताटात भाजी वाढायची थांबले. सरळ दात घेऊन मी वीस वर्षं या माणसासमोर बसले होते. म्हणजे फट होती तेव्हाही तीच, आणि फट गेली तरीही तीच. माझा नुसता जळफळाट झाला. पण मी स्वतःला समजावलं, हसणं तिला राहू दे, मूठ तर माझी होईल.

यंदा पेरणीच्या आठ दिवस आधी तारा निघाल्या. फटीच्या जागी काही नव्हतं. खसखशीचा दाणासुद्धा गेला नसता. डॉक्टरीणबाईंनी तिला एक गुलाबी प्लेट दिली आणि बजावलं, "ही रोज रात्री घालायची. नाही घातली तर दात मागं सरकतात, फट पुन्हा उघडते." राजेश्रीनं मान हलवली. मी तिच्यापेक्षा जोरात हलवली. मग ती म्हणाली, "अक्का, तुमी व्हा खाली, मी एक विचारून आलेच." मी जिना उतरले.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. तिच्या तोंडून ऐकायचंच होतं. मी म्हणाले, "वाईट वाटत असंल न्हाई तुला? आता मूठ जाईल तुझी."

ती माझ्याकडं वळली. "वाईट? अक्का, त्याच्यासाठीच तर लावल्या मी तारा."

"म्हंजी?"

"पेरनी झाली की मला झोप लागत नव्हती. कोंब वर येस्तोवर रोज तांबडं फुटायच्या आधी रानात जाऊन माती उकरून बघायची मी. उगवलं तर आत्याबाईची लक्ष्मी, न्हाई उगवलं तर कोन? सहा वर्षांमागं पेरल्यावर पाऊस झाला, मातीला खपली धरली, दुबार पेरावं लागलं. आत्याबाई चार महिने बोलल्या न्हाईत माझ्यासंगं. आन् गिरनीवर कोनीतरी म्हनलं, फटीतून लक्ष्मी येती तशी जाती बी. सगळ्या गावानं धरलं ते. माझ्या पोराला शाळंत म्हनले."

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी पिशवीतल्या संत्र्याचं साल काढायला घेतलं. गिरणीवर ते वाक्य मी म्हणाले होते. पिठाचा डबा कमरेवर घेऊन, चार बायकांत, मोठ्यानं. त्या साली मला ज्वारी गेल्याचं दुःख झालं नव्हतं, हे इथं खरं सांगून टाकते.

तरी तिचं म्हणणं मला पटलं नाही. मनात म्हटलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. एवढा मान गेल्यावर माणूस असंच बोलणार. ती पहाटे रानात जायची हे मला माहीत होतं. मला वाटायचं, आपल्या हाताचं पीक मिरवायला जाते.

पेरणीचा दिवस उजाडला. सासूबाईंनी यंदा मुहूर्त बघण्यात दहा दिवस घालवले होते आणि वरची ओल उडत चालली होती. मालकांनी दोनदा सांगून पाहिलं, पण ऐकतील तर त्या कमलबाई कसल्या. तिफणीची पूजा झाली. सासूबाईंनी राजेश्रीची हनुवटी वर करून दातांकडं एकदा नीट बघितलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "सविता, ये बाई. धर मूठ."

मी ओटीत बी घेतलं. मालकांनी बैल हाकले. पहिलं तास असं सुटलं, की आदिनाथसुद्धा म्हणाला, "वहिनी, धार हाय व्हय ही!" पंधरा वर्षांनी माझा हात जागेवर आला होता. मी मुद्दाम राजेश्रीकडं बघितलं. तिचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं. ती बांधावर बसून खोबऱ्याचा मोठा तुकडा पुढच्या दातांनी तोडून खात होती. तिचं माझ्याकडं लक्षही नव्हतं.

पाचवं तास संपलं तेव्हा सासूबाई जवळ आल्या. "धार चांगली सुटली," म्हणाल्या. मग रानाकडं बघत म्हणाल्या, "आता बघू, तुझा हात कसा लागतो ते." एवढंच. मग ट्रॅक्टर आला आणि त्यानं उरलेलं पंधरा एकर दुपारपर्यंत पेरून टाकलं.

चौथ्या दिवशी पहाटे माझी झोप आपोआप उडाली. चप्पल हातात घेऊन मी निघाले. जाताना राजेश्रीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत ती गाढ झोपलेली होती. तासात बसून बोटानं माती उकरली. दाणा होता तसाच. पाचव्या दिवशीही तसाच. ट्रॅक्टरनं पेरलेल्या रानातही काही नव्हतं, पण ते रान कुणी ट्रॅक्टरचं म्हणणार नव्हतं. ओल कमी, उशीर झालेला, हे मला कळत होतं आणि मालकांनाही. पण कमलबाईंना ओल दिसत नाही, हात दिसतो.

सहाव्या दिवशी मी उकिडवी बसले होते आणि पायवाटेवरून धुरपताबाई आली. "काय सविता, यंदा मूठ तुझी व्हती म्हनं?"

"व्हय."

"उगवलं का?"

"उगवंल की. ओल कमी हाय."

"असं व्हय," ती म्हणाली आणि पुढं गेली. त्या 'असं व्हय'मध्ये काय काय होतं ते मला कुणी सांगायला नको. असली बोलणी या गावात मीच बोलत आले होते. संध्याकाळपर्यंत गिरणीवर काय बोललं जाईल तेही मला ऐकू यायला लागलं. माझ्या दातात तर फटही नाही, म्हणजे लक्ष्मीला यायला वाट नाहीच, असं कुणीतरी म्हणणार. मला रडू आलं. आणि त्या रडण्यातही सगळ्यात जास्त काय सलत असेल, तर राजेश्रीची ती झोप. पंधरा वर्षं मी तिच्या मुठीवर जळले, आता तिच्या झोपेवर जळत होते.

घरी आले तेव्हा ती न्हाणीत होती. काहीतरी गुणगुणत होती. देवळीत तिच्या प्लेटची निळी डबी ठेवलेली होती. मी इकडंतिकडं बघितलं आणि डबी उघडली. आत धुतलेली गुलाबी प्लेट, अजून ओली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. एक-दोन महिने. तिळाएवढी उघडली तरी पुरे, सासूबाईंना तेवढी चालते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पुढच्या पेरणीला मूठ जिची तिला. मी प्लेट पदराच्या टोकात घातली आणि गाठ मारली. मागच्या दारापासून उकिरडा दहा पावलांवर होता.

वळले तर राजेश्री उंबऱ्यात उभी होती. केसांना पंचा गुंडाळलेला, चेहऱ्यावर पाणी. तिनं रिकाम्या डबीकडं बघितलं, माझ्या पदराकडं बघितलं.

"अक्का, घ्यायची तर घ्या ती," ती म्हणाली. "मी दोन करून घेतल्यात."

माझा हात पदराच्या गाठीवर गेला.

"डॉक्टरीणबाईनं विचारलं, दोन कामून? मी म्हनलं, आमच्या घरात हरवत्यात."

ती हसली. तोंडभर, पदर न घेता. तिच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. दुधात कुस्करलेली भाकरी खाताना, माझ्या मांडीवर झोपताना हिला सगळं ठाऊक होतं का, असं विचारायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात ओसरीवरून कमलबाईंची हाक आली, "सविता, उगवलं का गं?"

राजेश्री केस पुसत चहा ठेवायला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून पदराची गाठ सोडत होते, आणि ती काही केल्या सुटत नव्हती.